शाळेचे आणि गावचे वाचनालय : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील पालक, शिक्षक, एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य व युवक मंडळांचे कार्यकर्ते मुलांच्या वाचनाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायदे आणि योजना यांची माहिती कर्नाटकापुरती आहे. महाराष्ट्रातील व्यवस्था जेथे वेगळी आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

आमच्या शाळेत पुस्तकांनी भरलेले कपाट आहे, तरीही मुले वाचत नाहीत. असे का होते?

कारण बहुतेक ठिकाणी त्या कपाटाला कुलूप असते आणि पुस्तके मुलांच्या घरी जात नाहीत. पुस्तक हरवले किंवा फाटले तर तपासणीच्या वेळी उत्तर कोणी द्यायचे, या धास्तीने मुख्याध्यापक किल्ली आपल्याकडे ठेवतात. त्यांची अडचण खरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ ‘कपाट उघडा’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्यासाठी एसडीएमसीच्या बैठकीत दोन गोष्टींचा ठराव करून घ्यावा. पहिली म्हणजे, पुस्तके घरी देण्याचा निर्णय समितीचा आहे, एकट्या शिक्षकाचा नाही. दुसरी म्हणजे, हरवलेल्या व जीर्ण झालेल्या पुस्तकांची वर्षातून एकदा यादी करून खात्याच्या नियमाप्रमाणे निर्लेखनाचा (ती नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव पाठवला जाईल. जबाबदारी अशी वाटली गेली की कुलूप आपोआप सैल होते.

पुस्तके देण्याचा वार ठरलेला असावा. शनिवारी शाळा सकाळची असते; सुटण्यापूर्वी अर्धा तास देवघेवीसाठी ठेवला तर मुलाला रविवार हाताशी मिळतो. नोंदवही मोठ्या वर्गातील मुलांनी लिहावी. त्यांचे अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, पण पुस्तक देणारा आणि घेणारा दोघेही विद्यार्थी असले की कपाटाविषयीची भीती कमी होते. प्रत्येक मुलाने स्वतः पुस्तक हाताळून निवडावे. शिक्षकांनी गठ्ठा आणून रांगेने वाटला, तर ती पाठ्यपुस्तकांची वाटणी होते.

पुस्तक फाटण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. पाच वर्षांनंतरही कोरे करकरीत राहिलेले पुस्तक हे शाळेचे नुकसान आहे, आणि वीस घरे फिरून खिळखिळे झालेल्या पुस्तकाची किंमत वसूल झालेली असते.

शाळेच्या ग्रंथालयासाठी पैसे मिळण्याची तरतूद आहे का?

आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना त्यांच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. आपल्या शाळेला ते मिळाले का आणि त्यातून काय घेतले, हे एसडीएमसीच्या सदस्यांनी बैठकीत विचारणे रास्त आहे. मराठी माध्यमाच्या शाळेने पुस्तकांची मागणी करताना माध्यमाचा उल्लेख ठळकपणे करावा आणि हवी असलेली मराठी पुस्तके नाव व प्रकाशनासह सीआरपी (समूह साधन व्यक्ती) आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाकडे लेखी कळवावीत. यादी न देता केवळ ‘मराठी पुस्तके द्यावीत’ असा अर्ज केला, तर तो बहुधा फायलीत राहतो.

ग्रामपंचायतीच्या वाचनालयात सगळी पुस्तके कन्नड आहेत. आमच्या मुलांना त्याचा काय उपयोग?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण त्यात हक्क, पैसा आणि भाषा या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

कर्नाटकात 1965 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्यानुसार स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर घेतला जातो. घरपट्टीची पावती नीट पाहिली तर शिक्षण, आरोग्य यांच्या उपकरांसोबत सहा टक्के ग्रंथालय उपकरही त्यात दिसतो. म्हणजे आपण वाचनालयात कधी पाऊल टाकले नसले, तरी त्याचे पैसे भरतच आहोत. गावोगावची ही वाचनालये पूर्वी ग्रंथालय खात्याकडे होती; 2019 मध्ये ती ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आली आणि आता ‘अरिवु केंद्र’ या नावाने ओळखली जातात. त्यामुळे वाचनालयाविषयीची तक्रार किंवा मागणी घेऊन दूरच्या कार्यालयात जाण्याची गरज उरलेली नाही. ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि सदस्य गावातच भेटतात. 2020 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ या मोहिमेत 6 ते 18 वर्षांच्या मुलांना या वाचनालयांचे सभासदत्व मोफत करण्यात आले. आपल्या घरातील मुलाचे नाव तेथे नोंदवले आहे का, एवढे तरी प्रत्येक पालकाने पाहावे.

आता मराठी पुस्तकांविषयी. ज्या गावात बहुसंख्य घरे मराठी बोलतात, तेथील वाचनालयात मराठी पुस्तके असावीत ही मागणी वाजवी आहे. मात्र ती मांडण्याची रीत महत्त्वाची ठरते. सभासद किती, त्यांपैकी मराठी वाचणारे किती, रोज कोणते मराठी वर्तमानपत्र मागितले जाते, ही माहिती एका कागदावर लिहून ग्रामसभेत ठेवावी आणि ठराव नोंदवून घ्यावा. सभासदांची संख्या हा या मागणीचा खरा आधार आहे. वाचनालयात मराठी मुलांची नोंदच नसेल, तर ग्रंथपालाने मराठी पुस्तके कोणासाठी मागवायची? प्रथम नावे नोंदवावीत, तेथे जाऊन बसावे, आणि मग मागणी करावी.

कन्नड पुस्तकांकडे पाठ फिरवण्याचेही कारण नाही. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड शिकावेच लागते, आणि परीक्षेपुरते पाठ केलेले कन्नड बँकेत, तहसीलदार कचेरीत किंवा नोकरीच्या मुलाखतीत तोकडे पडते. लहानांसाठीची चित्रमय कन्नड पुस्तके या कामी फार उपयोगी पडतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतील अनेक पुस्तके वेगवेगळ्या भारतीय भाषांत निघालेली आहेत. एकच पुस्तक मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी ठेवले, तर गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे मूल दुसऱ्या भाषेतील वाक्यांचा अर्थ स्वतः लावू लागते. सीमाभागातील वाद न्यायालयात आणि सभांत चालत राहील. आठ वर्षांच्या मुलाने दोन्ही लिप्यांतील गोष्टी वाचाव्यात, याला त्याची आडकाठी असू नये.

आमच्या मंडळाच्या वाचनालयाला महाराष्ट्रासारखे अ, ब, क, ड वर्गाचे अनुदान मिळेल का?

नाही. ती वर्गवारी 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची असून ती त्या राज्यात मान्यता मिळालेल्या वाचनालयांसाठी आहे. दोन्ही राज्यांच्या व्यवस्थांत मूळचाच फरक आहे. महाराष्ट्रात लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना शासन अनुदान देते. कर्नाटकात उपकरातून शासनाची स्वतःची ग्रंथालये चालतात. त्यामुळे सीमाभागातील मंडळांची वाचनालये वर्गणी आणि देणगीवरच उभी राहतात. संस्था 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली असेल आणि हिशेब तपासलेले असतील, तर पुस्तके व साहित्य यांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांची चौकशी राज्याच्या ग्रंथालय विभागामार्फत करता येते.

वर्गणीवर वाचनालय टिकत नाही, असे म्हणणाऱ्यांना बेळगाव शहरातील सार्वजनिक वाचनालयाकडे बोट दाखवावेसे वाटते. त्याची स्थापना 1848 ची आहे. तेव्हा ना ग्रंथालय कायदा होता, ना उपकर.

शिक्षक दोनच, वर्ग पाच. वाचनासाठी वेळ कोठून आणायचा?

स्वतंत्र तासिका मिळत नसेल तर माध्यान्ह आहारानंतरची दहा मिनिटे घ्यावीत आणि त्या वेळेत सर्व वर्गांना एकत्र बसवून एकाने मोठ्याने वाचून दाखवावे. वाचनाची गोडी लावण्याचा याहून सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आम्हाला माहीत नाही. आपल्या गावांना ही रीत नवीनही नाही. श्रावणात देवळात पोथी लागते, हरिनाम सप्ताहात पारायण चालते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि अक्षरओळख नसलेली आजीही रोज ठरल्या वेळी येऊन बसते, कारण काल कथा जेथे थांबली तेथून पुढे काय झाले हे तिला ऐकायचे असते. शाळेतही तेच करावे. लांबलचक गोष्ट घ्यावी, उत्कंठेच्या जागी थांबावे, आणि ते पुस्तक मुद्दाम टेबलावर ठेवून निघून जावे. पुढचे पान कोणीतरी उघडतेच.

वाचून दाखवणारी व्यक्ती शिक्षकच असली पाहिजे असे नाही. सुट्टीवर आलेला जवान, डीएड झालेली पण घरी असलेली मुलगी, निवृत्त टपाल कर्मचारी, यांना आठवड्यातून एक दिवस बोलावता येते. वाचून झाल्यावर ‘या गोष्टीपासून काय बोध घेतला?’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावा. बोध विचारला जाणार हे कळले की मुले गोष्ट ऐकणे सोडून उत्तर शोधू लागतात.

आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. त्यांच्यासाठी काय करावे?

अशा मुलांना भाषा येत असते, फक्त डोळ्यांना सवय नसते. अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी शिकवले जात असल्यामुळे देवनागरी अक्षरे त्यांना ओळखीची असतात. हिंदीत न भेटलेला ‘ळ’ आणि मराठीतील काही जोडाक्षरे एवढाच अडथळा उरतो. मोठ्या टाइपाची, एका पानावर दोन-तीन ओळी असलेली पुस्तके द्यावीत. सातवीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक दिले तर त्याला कमीपणा वाटतो, म्हणून त्याच्या हाती क्रिकेट, किल्ले, साप, अवकाश अशा विषयांवरची चित्रे भरपूर आणि मजकूर थोडा असलेली पुस्तके द्यावीत. किंवा धाकट्या भावंडाला वाचून दाखवण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. तेव्हा सोपे पुस्तक हातात धरायला त्याला निमित्त मिळते. आपल्याकडच्या बोलीत कन्नड शब्द सर्रास मिसळतात. मूल त्या बोलीत गोष्ट सांगत असेल तर मध्येच थांबवून प्रमाण शब्द सुचवू नयेत.

कोणती पुस्तके घ्यावीत आणि ती कोठून मिळवावीत?

पैसे थोडे असतील तर ते पहिली ते चौथीच्या मुलांवर खर्च करावेत, कारण मोठ्यांसाठी देणगीत पुस्तके येतात, लहानांसाठी क्वचितच येतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तके माफक किमतीची व लहानांना आवडणारी आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे, जे 1971 पासून निघते, जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील बालकथा मुक्त परवान्याखाली ठेवलेल्या आहेत. त्या उतरवून घेऊन, छापून, शिवून शाळेतच पुस्तके तयार करता येतात. मोठ्यांच्या कपाटात कादंबऱ्यांबरोबर ऊस, भात, दुग्धव्यवसाय यांवरची पुस्तके असावीत. गावातील शेतकरी वाचनालयाची पायरी चढतो तो बहुधा वर्तमानपत्रासाठी किंवा अशा एखाद्या माहितीसाठी. नंतर तो काय नेईल हे सांगता येत नाही.

दिवाळी अंकांची योजना प्रत्येक वाचनालयाने करावी. मराठीत ही परंपरा 1909 पासूनची आहे. दहा-पंधरा जणांनी वर्गणी काढून अंक घेतले आणि आलटून पालटून वाचले, तर सुगीची कामे संपल्यानंतरच्या महिन्यांत प्रौढ वाचकांसाठी भरपूर मजकूर हाताशी राहतो. मार्चनंतर तेच अंक वाचनालयात जमा करावेत.

लोक जुनी पुस्तके देऊ करतात. ती सगळी स्वीकारावीत का?

नाही. जुनी गाइडे, कालबाह्य पाठ्यपुस्तके आणि वाळवी लागलेले गठ्ठे नम्रपणे नाकारावेत. निवडण्याचा अधिकार वाचनालयाकडे राहील, हे स्वीकारतानाच सांगितले म्हणजे पुढे रुसवे होत नाहीत.

महिला वाचनालयात येत नाहीत. त्यांना वेळच नसतो.

वेळ कमी असतो हे खरे, परंतु जागा आणि वेळापत्रक हेही कारण असते. वाचनालय चावडीजवळ, त्याच्या कट्ट्यावर दिवसभर पुरुष बसलेले, आणि उघडण्याची वेळ स्वयंपाकाची. मग बायका कशा येणार? तेव्हा पुस्तकांनीच त्यांच्याकडे जावे. स्त्रीशक्ती संघांच्या बचतीच्या बैठका ठरलेल्या दिवशी होतात, तेथे पंधरा-वीस पुस्तकांची पिशवी नेऊन हिशेबाच्या वहीबरोबरच पुस्तकांची वही उघडावी. निपाणी भागात विडी वळणाऱ्या महिलांचे हात कामात असतात, कान मोकळे असतात. शाळेतून आलेल्या मुलीने आईच्या शेजारी बसून रोज चार पाने वाचून दाखवली, तर दोघींचेही वाचन होते. अंगणवाडीत बालकांची चित्रपुस्तके ठेवली तर ती आयांच्याही हाती पडतात. ज्या बाईची शाळा चौथीत सुटली आहे, तिला पुन्हा अक्षरे जुळवण्यासाठी मुलांचे पुस्तक हे लाज न वाटता घेता येणारे पुस्तक आहे.

तरुण मुले वाचनालयात येतात, पण स्पर्धा परीक्षेचीच पुस्तके वाचतात. याला वाचन म्हणावे का?

याला अभ्यास म्हणावा, आणि त्याचे स्वागतच करावे. पोलीस भरती, सैन्य भरती, बँक आणि लोकसेवा आयोग यांची तयारी करणाऱ्या मुलांना घरात शांत जागा मिळत नाही. वाचनालयाने ती दिली तर ते मोठेच काम होते. अडचण येते ती जागेची. अभ्यासिका वाढत जाते, टेबलांवर दिवसभर तीच मुले असतात, आणि पुस्तक बदलायला आलेले लहान मूल शांततेचा फलक पाहून दारातूनच परत जाते. त्यामुळे खोली एकच असेल तर वेळा वाटून द्याव्यात : शाळा सुटल्यानंतरचा एक-दीड तास मुलांचा असावा आणि त्या वेळेत मोठ्याने वाचण्यास, हसण्यास परवानगी असावी. सकाळ आणि रात्र अभ्यास करणाऱ्यांची. त्याबदल्यात अभ्यासिकेतील तरुणांनी आठवड्यातून एकदा आळीपाळीने देवघेवीचे काम करावे, अशी अट घालण्यास हरकत नाही. आम्हाला ती अट आवश्यकच वाटते.

स्पर्धा, बक्षिसे आणि वाचन दिन यांचा कितपत उपयोग होतो?

दिवस साजरे करण्याने गावाचे लक्ष वेधले जाते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन महाराष्ट्रात पाळला जातो, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सीमाभागातही उत्साहाने होतो, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांनी ग्रामीण साहित्य संमेलने भरवून आपल्याकडे श्रोता घडवला आहे. ही परंपरा अभिमानास्पद आहे. तरी एक गोष्ट खटकते. ग्रंथदिंडीत जी पुस्तके पालखीतून मिरवली जातात, ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या घरी जातात, याचा विचार आयोजनात नसतो. संमेलनाच्या मंडपात गावच्या वाचनालयाचे एक टेबल मांडून तेथेच सभासद नोंदणी आणि देवघेव करावी. पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्यायचे असेल, तर पाहुण्यांना आवडेल त्या पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन एक वाचनालयात ठेवावी.

‘सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस’ ही स्पर्धा टाळावी. तीत पातळ पुस्तके संपतात आणि जाड पुस्तके कपाटात राहतात.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागते. काय काळजी घ्यावी?

खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडे ही तक्रार दरवर्षी असते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून विटांवर ठेवावे, पुस्तके गच्च कोंबू नयेत, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी कपाटाची दारे सताड उघडी ठेवावीत. ओले झालेले पुस्तक कडक उन्हात टाकल्यास पाने वाकतात. ते सावलीत, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळवावे. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. डांबरगोळ्या वापरल्यास त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे. याशिवाय, जूनमध्ये शाळा सुरू होताच जास्तीत जास्त पुस्तके घरोघर देऊन टाकावीत : चुलीच्या उबेत असलेल्या घरातील फळीवर पुस्तक बंद खोलीपेक्षा कोरडे राहते.

मोबाइलवर वाचले तर चालेल का?

मोठ्यांचे चालेल. लहान मुलांच्या बाबतीत मोबाइल हाती घेऊन गोष्ट शोधण्यापूर्वीच दुसरे काहीतरी समोर येते, म्हणून पालकांनी स्वतः फोन धरून वाचून दाखवावे किंवा गोष्ट छापून घ्यावी.

वाचनाची सवय लागली आहे, हे कसे ओळखावे?

पुस्तकांच्या संख्येवरून ते कळत नाही आणि सभासदांच्या संख्येवरूनही पुरते कळत नाही. देवघेव नोंदवही दर तीन महिन्यांनी चाळावी. एकदा पुस्तक नेऊन दुसऱ्यांदा आले नाहीत असे सभासद किती, हे पाहावे आणि त्यांना घरी जाऊन विचारावे. बहुधा पुस्तक अवघड गेलेले असते, किंवा ते हरवल्यामुळे मूल तोंड चुकवत असते. एकाच मुलाने एका लेखकाची किंवा एका विषयाची तीन-चार पुस्तके लागोपाठ नेली असतील, तर तेथे आवड तयार झाली आहे असे समजून त्या विषयाचे आणखी एक पुस्तक आणावे, मग इतर खरेदी थोडी लांबली तरी चालेल. नोंदवहीत एक रकाना ‘हवे असलेले पण नसलेले पुस्तक’ यासाठी ठेवावा आणि पुढील खरेदीची यादी त्यावरूनच करावी. दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेले पुस्तक आधी दर्शनी मांडणीत ठेवून पाहावे, मग त्यातील एखादे प्रकरण मुलांना वाचून दाखवावे, आणि तरीही कोणी नेले नाही तर ते शेजारच्या गावच्या वाचनालयाला देऊन त्यांच्याकडचे तसेच एखादे पुस्तक बदली मागून घ्यावे.